एन्निओनचे नाव आणि काचपात्राचा साचा

काच फुंकण्याची कला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्यास पूर्व भूमध्य किनाऱ्यावर उदयास आली. पुढे पाऊणशे वर्षांच्या आत, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात, फुंकनळीच्या टोकावरील तप्त काचगोळा नक्षीदार साच्यात उतरवून फुंकण्याची रीत तेथील कारागिरांनी काढली. एका फुंकरीसरशी पात्राला आकार आणि नक्षी दोन्ही प्राप्त होऊ लागली. साच्याचे भाग जेथे मिळत, तेथील बारीक उभी रेषा आजही अशा पात्रांवर बोटाला लागते.

काही साच्यांत अक्षरेही असत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव एन्निओन ह्याचे. त्याच्या पेल्यांवर एका चौकटीत ‘एन्निओनने केले’ आणि काहींच्या विरुद्ध बाजूस ‘विकत घेणाऱ्याचे स्मरण राहो’ अशा अर्थाचा ग्रीक मजकूर आढळतो. गिऱ्हाइकाला दिलेला हा आशीर्वाद मोठा धूर्त म्हटला पाहिजे!

त्याच्या नावाची पात्रे पूर्वेस जेरुसलेम व सायप्रस येथे, तर पश्चिमेस उत्तर इटलीतील आद्रिया येथे मिळाली आहेत. इटलीत पेले विशेष सापडतात, हे पाहून एन्निओनने सिदोन सोडून इटलीत कारखाना थाटला, असा तर्क पूर्वीच्या संशोधकांनी केला होता. हा तर्क आकर्षक असला तरी त्याचा पाया कच्चा आहे. ‘केले’ हे क्रियापद पात्रावर उमटले आहे खरे. परंतु ते कोरले गेले साच्याच्या घडणीत. म्हणजे ते नाव फुंकणाऱ्याचेच असले पाहिजे असे नाही. साचा घडविणाऱ्याचे किंवा कारखान्याच्या धन्याचेही असू शकेल. शिवाय साचा ही हलविण्याजोगी वस्तू होय. तो विकला जाई, दुसऱ्याच्या हाती पडे, आणि तयार पात्रावरून त्याची नक्कलही करता येई. तयार माल गलबतातून जाई तो वेगळाच. तेव्हा पात्र जेथे सापडले तेथेच कारागीर राहत होता, असे म्हणता येत नाही.

स्वतः एन्निओनचा एकही साचा आजवर हाती आलेला नाही. त्यामुळे पात्रांवरूनच साच्याचा माग काढावा लागतो. दोन ठिकाणच्या पेल्यांवर नक्षीतील एकच दोष त्याच जागी आढळला, तर ते एका साच्यातून निघाले असे मानण्यास हरकत नाही. एकावरील अक्षरे ठसठशीत आणि दुसऱ्यावरील बोथट असतील, तर साच्याची झीज झाली असावी किंवा पात्रावरून त्याची प्रत काढली असावी. प्रतीत आकारमान किंचित घटते, म्हणून अशा पात्रांची मापे काटेकोरपणे घेणे अगत्याचे आहे. नकाशावर स्थळांचे ठिपके देण्याआधी हे काम व्हावयास हवे.