शेळीच्या प्रसूतीची पूर्वलक्षणे

शेळी विण्यापूर्वी तिच्या शरीरात व वर्तनात जे बदल दिसतात, त्यांना प्रसूतीची पूर्वलक्षणे म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील संगमनेर तालुक्यावरून जिला नाव मिळाले, ती संगमनेरी शेळी दूध व मांस या दोन्हींसाठी पाळली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीवर संशोधन चालते. या शेळ्यांना जुळी करडे होणे नवलाचे नाही. पहिले करडू चाटण्यात शेळी गुंतलेली असताना दुसऱ्याच्या नाकातोंडावरचा पडदा तसाच राहिला, तर ते गुदमरते. म्हणून विण्याची वेळ आधी ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

गाभण काळ

शेळीचा गाभण काळ सुमारे १५० दिवसांचा असून त्यात चार-पाच दिवस मागेपुढे होतात. १ जूनला फळलेली शेळी २९ ऑक्टोबरच्या आसपास विते. बोकड कळपात मोकळा असल्यास तारीख कळत नाही. मग लक्षणांवरच विसंबावे लागते. प्रसूतीची चालना मुळात करडाकडून मिळते. पूर्ण वाढ झालेल्या करडाच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते, त्याच्या परिणामी शेळीच्या रक्तातील गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन घटते आणि गर्भाशय आकुंचन पावू लागते.

लक्षणे

कास भरणे हे सर्वांत आधी नजरेत भरणारे लक्षण, पण तितकेच फसवे. काही शेळ्यांची कास तीन-चार आठवडे आधीच भरू लागते, तर काहींची अगदी आदल्या दिवशी. त्याहून भरवशाची खूण शेपटीच्या मुळाशी आढळते. तेथे दोन्ही बाजूंना पेन्सिलीसारखे घट्ट अस्थिबंध हाताला लागतात. विणे जवळ आले की ते इतके सैल होतात की बोटांना सापडत नाहीत, आणि शेपटीच्या दोन्ही अंगांना खड्डे पडतात. अशी शेळी बहुधा २४ तासांत विते. हा फरक रोज हात लावून पाहणाऱ्यालाच कळतो.

त्यानंतर शेळी कळपापासून दूर कोपरा धरते, पायाने जमीन उकरते, वारंवार उठबस करते, वळून कुशीकडे पाहते. निरण (योनिमुख) सुजून सैल होते व त्यातून चिकट स्राव लोंबतो. ही अवस्था काही तास चालते; मग कळा वाढून पाणमोट दिसते. दक्षिण अमेरिकेतील लामा बहुतेक वेळा सकाळ ते दुपार या वेळात विते. शेळीच्या बाबतीत असा भरवसा नसल्याने रात्रीही फेरी मारणे आवश्यक असते.

धोक्याच्या खुणा

शेवटच्या आठवड्यांत शेळी सुस्त बसून राहिली आणि चारा सोडला, तर ती 'व्यायला झाली' असे समजून थांबणे घातक ठरू शकते. पोटात दोन-तीन करडे असताना खाद्य अपुरे पडल्यास किटोसिस होतो. त्यात दात खाणे, डोलत चालणे व श्वासाला गोडसर वास येणे ही लक्षणे दिसतात. अस्थिबंध घट्टच असताना अशी मरगळ आली, तर पशुवैद्यकाला त्वरित बोलवावे. जोराच्या कळा अर्ध्या तासाहून अधिक चालूनही करडू पुढे सरकत नसेल, किंवा स्राव दुर्गंधीयुक्त असेल, तरीही तसेच करावे. व्याल्यानंतर वार बहुधा काही तासांत पडते; १२ तास उलटूनही ती पडली नाही, तर हाताने ओढू नये.