गूळ-पाणी आणि मक्याची भाकरी

आमच्या खडेबाजारातल्या घरात पिठाला मर्यादा आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यापुढचं पीठ सासूबाई खात नाहीत. त्यामुळं कोलंबियात, बोगोताला, दोन वर्षं नोकरी करून आलेल्या माझ्या लेकीनं बॅगेतून मक्याच्या पिठाचा पुडा काढून कट्ट्यावर ठेवला, तेव्हाच पुढं काय होणार ते मला दिसलं.

"आज्जी, आज तुला आरेपा करून घालते."

"ते काय असतंय?"

"मक्याची जाड भाकरी. तिकडं रोज सकाळी खातात."

"पीठ कधी दळलेलं?"

पुड्यावरची तारीख सात महिन्यांपूर्वीची.

"मग मला नको बाई. तुम्ही खावा."

पोरीचा चेहरा उतरला. रात्री मला म्हणाली, "परदेशातलं म्हणून नको म्हणते ती. मी तिकडं बटाटा खाल्ला, ते तिच्या मनातून जात नाही." बटाट्याचं तिनं स्वतःच फोनवर सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी आजारी पोरीसाठी अहियाको केलं. बोगोताचं हे घरोघरचं सूप. त्यात तीन जातींचे बटाटे, मक्याचं कणीस आणि कोंबडी. बाईंनी हिच्यासाठी कोंबडी वगळली; बटाटा वगळायचा असतो हे त्यांना कुठून ठाऊक? हिनं खाल्लं. त्यावर सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या, आणि ते न बोलणंच पोरीला लागलं होतं.

पण 'परदेशातलं' म्हणायचं तर आपल्या स्वयंपाकघरात काय उरेल? मंगरस तिसरा हा जैन कवी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कन्नडमध्ये 'सूपशास्त्र' लिहून गेला. सगळा शाकाहारी स्वयंपाक, तोही पद्यात. वांग्याचे प्रकार आहेत, गोडाधोडाचे आहेत. त्यात मिरची नाही. कशी असणार? पोर्तुगीजांनी गोवा घेतलं 1510 साली, आणि मिरची आली ती त्यांच्या जहाजांतून. आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची. ती बांधली गेली तेव्हा या गावातल्या एकाही चुलीवर मिरचीची फोडणी बसली नव्हती. तिखटपणा होता तो मिऱ्याचा. म्हणून तर मराठीत मिरीवरून मिरची आणि कन्नडमध्ये मेणसुवरून मेणसिनकायी. पूर्वी या भागात तिला 'गोवाई मिरची' म्हणत. आता संकेश्वरी आणि ब्याडगी आपल्या इतक्या झाल्या की त्यांना परकं म्हटलं तर बायका भांडायला उठतील.

शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. शेंगाची चटणी नसेल तर आमच्याकडं जेवणाचं पान अपुरं. पेरू, पपई, काजू, लाल भोपळा सगळे तिकडचेच. टोमॅटो माझ्या माहेरी निपाणीत मी दहा वर्षांची होईपर्यंत शिजला नाही, का तर कापला की मांसासारखा लाल दिसतो. शेंगदाणा जमिनीखाली वाढतो, पण ती शेंग, कंद नव्हे, म्हणून तो चालला. बटाटा त्याच खंडातून आला, पण तो कंद, म्हणून उंबरठ्याबाहेर राहिला. आपल्या आज्या-पणज्यांनी वस्तू कुठून आली हे विचारलंच नाही, ती कशी वाढते एवढं विचारलं. (तंबाखूही अमेरिकेतलीच. कांदा न शिवणाऱ्या आमच्या लोकांच्या निपाणीतल्या वखारी तिनं भरलेल्या असत. तिथं मात्र कुणी काही विचारलं नाही, हेही लिहून ठेवलेलं बरं.)

मक्याचं थोडं वेगळं. आमच्याकडं कन्नडमध्ये त्याला गोविन जोळ म्हणतात. सासूबाई अर्थ सांगतात, गायीचा जोंधळा. पावसात गाड्यावरचं भाजलेलं कणीस ठीक, पण भाकरी ज्वारीची.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला विचारलं, "हे पुडे यायच्या आधी तिकडच्या बायका काय करायच्या गं?" तिनं घरमालकीणबाईंना फोन लावला. हे शिजवलेल्या मक्याचं तयार पीठ फार जुनं नाही. शेजारच्या व्हेनेझुएलात लुईस काबायेरो मेहियास या इंजिनिअरनं त्याचं पेटंट घेतलं ते 1954 साली. त्याआधी वाळलेला मका लाकडी उखळात कांडून टरफल काढायचं, दाणे शिजवायचे, वाटायचे आणि हातावर थापायचे. बाईंची आजी तसंच करायची.

मग काय, रविवार पेठेतून दोन किलो मका आणला. पांढरा मिळाला नाही, पिवळा घेतला. माळ्यावरचं उखळ खाली काढलं. लेक कांडायला बसली तर दाणे उखळाबाहेर उडू लागले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"कोरडं काय कांडतीस? पाण्याचा हबका मार. हुग्गीचा गहू कसा सडतात?"

हुग्गीला गहू असाच ओलावून सडतात, म्हणजे टरफल सुटतं. ते सूपात पाखडलं. दाणे कुकरमध्ये चांगले तासभर शिजवले, तरी कडक राहिले; पुन्हा चढवले. पाट्यावर वाटून मीठ घातलं आणि अंगठ्याएवढी जाड भाकरी थापली. पहिल्या दोन तव्यावर मोडल्या, कारण गोळा सैल झाला होता. तिकडं वर चीज घालतात. वासराच्या जठरातल्या रेनेटचा संशय म्हणून आम्ही चीज सोडलं आणि तूप घातलं. वास मात्र भाजल्या कणसाचा सुटला.

जोडीला लेकीनं पाताकोनेस केले. कच्च्या केळ्याचे जाड काप तळायचे, वाटीनं दाबून चपटे करायचे आणि परत तळायचे. आपण बटाट्याऐवजी कच्चं केळं वापरतोच, त्यामुळं हे सासूबाईंना ओळखीचं वाटलं. केळं तर आपल्या बाजूनंच तिकडं गेलं. 1516 साली एका पाद्र्यानं कॅनरी बेटांवरून ते कॅरिबियन बेटांत नेलं, असं सांगतात.

उसाचंही तसंच. कोलंबसानं 1493 च्या दुसऱ्या सफरीत तो नेला. आज गूळ करण्यात भारताच्या खालोखाल कोलंबियाच. तिकडं त्याला पानेला म्हणतात, आणि तिकडंही आपल्यासारखी गुऱ्हाळं आहेत. बोगोता 2,600 मीटर उंचीवर, बारा महिने गारठा. लेक पहिल्या संध्याकाळी पोचली तेव्हा घरमालकीणबाईंनी तिच्या हातात वाफाळता वाडगा दिला. आग्वापानेला. आग्वा म्हणजे पाणी.

"म्हणजे गूळ-पाणी?" सासूबाईंनी विचारलं.

"हां आज्जी. आपण दारात आलेल्याला देतो, तसंच."

सासूबाईंनी सूर्यास्ताच्या आधी अर्धी आरेपा खाल्ली. "जाड झाली," म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प. हात धुताना लेकीला म्हणाल्या, "त्या बाईनं आजारपणात तुला बघितलं. तिला फोन कर, आणि हुग्गी कशी करायची ते सांग. गूळ आहे म्हणतीस की तिच्याकडं."