एका वंशावळींतील गळलेला भाऊ

वंशावळ हें इतिहासाचें एक साधन आहे. परंतु ती कोणीं, कोणापुढें ठेवण्यासाठीं व कोणत्या प्रसंगीं लिहिली हें पाहिल्यावांचून तिजवर भरंवसा ठेवूं नये, हें संशोधकांस नव्यानें सांगावयास नको. आम्हांस मात्र हा धडा परक्या दप्तरांत न मिळतां घरच्याच रुमालांत मिळाला. आणि तो शिकविणारे आमचे आजोबा होते. घराण्याचें व गांवाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. ज्या शाखेविषयीं पुढें लिहावयाचें आहे तिचे वंशज हयात असण्याचा संभव असून, त्यांच्या संमतीवांचून त्यांचें नांव छापणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आमच्या घराण्याकडे नीरेच्या कांठच्या एका गांवचें कुलकर्ण व थोडी इनाम जमीन होती. वंशावळीचा कागद आजोबांच्या ताब्यांत असे. वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, रुमाल सोडून कागद उन्हांत घालावयाचे, हा त्यांचा नेम होता. आणि त्या दिवशीं आम्हां नातवंडांस ते हटकून बोलावीत. आजोबा मोठे खेळकर होते. बोरूच्या ताज्या शाईवर वाळू टाकण्याचा मान कोणाचा, यावरून ते आमच्यांत मुद्दाम भांडण लावीत. झोपलेल्या नातवास दौतींतील शाईनें मिशा काढीत. आणि मोडी वाचावयास शिकवितांना अक्षर चुकलें कीं त्या अक्षरास ताप आला आहे असें सांगून पाटीवर हात ठेवून पाहात. मोडी आम्हांस आली ती या तापामुळेंच.

कागद वाळत असतां ते आमचा हात हातीं घेऊन बोटांवर वंशावळ म्हणवून घेत. अंगठा म्हणजे मूळ पुरुष. पुढचीं बोटें म्हणजे त्याचे मुलगे. तीन बोटांचीं तीन नांवें झालीं कीं ते करंगळी आपल्या मुठींत लपवीत व विचारीत, "करंगळी कोठें गेली?" आम्हीं म्हणावयाचें, "आजोळीं!" मग ते विचारीत, "परत कधीं येणार?" याचें उत्तर ठरलेलें नव्हतें, कोणी दिवाळीला म्हणे, कोणी उद्यां म्हणे. आजोबा गुदगुल्या करून मूठ सोडीत, आणि खेळ पुन्हां पहिल्यापासून सुरू होई.

पुढें पुष्कळ वर्षांनीं रुमाल आमच्याकडे आला तेव्हां वंशावळ लक्षपूर्वक पाहिली. मूळ पुरुषास मुलगे तीन. चौथ्या बोटास नांव नाहीं. पोरांच्या खेळांत बोटें पुरीं पडावीं म्हणून करंगळी घेतली असेल, असें म्हणून आम्ही ती गोष्ट सोडून दिली. बोटांचे खेळ घरोघर असतात, व त्यांवरून इतिहास सिद्ध होत नाहीं.

तथापि दोन गोष्टी मनांत राहिल्या. पहिली ही कीं, वंशावळीचा कागद जुन्नरी नसून विलायती आहे. उजेडापुढें धरतां त्यांत जलचिन्ह स्पष्ट दिसतें. म्हणजे ही प्रत इंग्रजी अमलांतील. मथळ्यावरून ती इनामाच्या चौकशींत सरकारांत दाखल करण्यासाठीं तयार केली होती हेंही कळतें. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनाला जे अधिकार मिळाले, त्यांमुळें सनद कोणास मिळाली व आजचा भोगवटदार त्याचा कोण, हें दाखविण्याची पाळी घरोघर आली. अशा वेळीं लिहिलेली वंशावळ ही पितरांची आठवण नसते. तो दाव्याचा कागद असतो. दुसरी गोष्ट ही कीं, याच वंशावळींत अन्य ठिकाणीं एका पुरुषापुढें 'निपुत्रिक' असा शेरा आहे. म्हणजे ज्याचा वंश खुंटला त्यासही लेखकानें गाळलेलें नाहीं.

यानंतर त्याच रुमालांत महालयाची यादी सांपडली. नित्याच्या श्राद्धांत पिता, पितामह व प्रपितामह या तीनच पिढ्यांचा उच्चार होतो. पण महालयांत पितृव्य, मातुल, भ्राते, आत्या, मावश्या, श्वशुर, गुरु, आप्त अशा सर्वांचीं नांवें घ्यावीं लागतात. म्हणून घरोघर त्यांची यादी लिहून ठेवलेली असते. वंशसंशोधकांनीं या याद्यांकडे जितकें लक्ष द्यावयास पाहिजे तितकें दिलेलें नाहीं. आमच्या यादींत पितृव्य तीन आहेत. वंशावळीप्रमाणें ते दोनच असावयास पाहिजेत.

थोरल्या नातवास आजाचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें नकलकार पिढ्यांचा घोंटाळा करतात, हें प्रसिद्ध आहे. बाळाजी विश्वनाथांच्या थोरल्या मुलाचें, म्हणजे बाजीरावाचें, मूळ नांव विसाजी. त्याच्या थोरल्या मुलाचें पुन्हां बाळाजी. अशा नामावळींत एकाच नांवाचे दोन पुरुष एक होऊन जाणें सहज शक्य आहे. परंतु येथें तसें झालेलें नाहीं. कारण हे भाऊ आहेत, व चौथ्याचें नांव इतर तिघांहून निराळें आहे.

अखेर आम्ही त्र्यंबकेश्वरीं आमच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन वह्या पाहिल्या. तेथें हा चौथा भाऊ आम्हांस त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत भेटला. त्यानें बापाचें नांव, तिन्ही भावांचीं नांवें व गोत्र लिहून, खालीं वस्तीचा गांव निराळा दिला आहे. तो गांव म्हणजे त्या चौघां भावांचें आजोळ, हें घरांतील सोयरिकीच्या एका टिपणावरून ठरतें. आजोळीं तो दत्तक गेला असेल काय? तसें असतें तर त्याचें गोत्र पालटलें असतें, व जनक पित्याचें नांव त्यानें बाप म्हणून लिहिलें नसतें. वांटणी घेऊन फारखत दिली असेल काय? रुमालांत वांटणीचे इतर कागद आहेत, फारखत नाहीं. आणि फारखत दिली तरी मनुष्य वंशांतून नाहींसा होत नाहीं. आमचें मत असें झालें आहे कीं, इनामांत हिस्सेदार वाढूं नये म्हणून परगांवीं राहणारा हा भाऊ वंशावळींतून जाणून गाळला. आमच्या घराण्यानें पुढें जवळजवळ शंभर वर्षें जें उत्पन्न खाल्लें, त्यांत एक वांटा दुसऱ्याचा होता.

सर्वांत खेदाची व विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. वंशावळ व महालयाची यादी एकाच हातची आहे. वेलांटीचें वळण, 'र' ची शेपटी, ओळीच्या शेवटीं बोरू दाबण्याची खोड, सर्व एकच. तो हात आमच्या आजोबांच्या आजांचा. ज्यानें चुलत्यास सरकारच्या कागदांतून काढलें, त्यानेंच प्रतिवर्षीं भाद्रपदांत त्याचें नांव घेऊन त्यास तिलोदक दिलें. कमिशनास फसवितां आलें तरी पितरांस फसविण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं.

आजोबांस हें ठाऊक होतें काय? आमच्या एका चुलतभावासही करंगळीचा खेळ आठवतो; परंतु दोघांनींही तो एकाच मुखांतून ऐकिला असल्यामुळें ही साक्ष एकच धरली पाहिजे. खेळानें कांहींच सिद्ध होत नाहीं. वही व यादी यांनींच सिद्ध होतें. इतकें मात्र खरें कीं, खेळांतील बोटांची संख्या व करंगळीचा ठिकाणा, दोन्ही वहीशीं जुळतात. आजोबांनीं आपल्या आजावर तोंडानें दोष कधींही ठेवला नसता. तो त्या काळचा शिष्टाचारच नव्हे. म्हणून, आम्हांस वाटतें, जें सांगतां येत नव्हतें तें त्यांनीं पोरांच्या हातावर ठेविलें.

कुलकर्णी वतनें १९५१ त संपलीं व वैयक्तिक इनामेंही १९५२ च्या कायद्यानें गेलीं. आतां या शोधानें कोणास बिघाभर जमीनहि मिळावयाची नाहीं. तरी मूळ कागदास हात न लावतां आम्ही वंशावळीची नवी प्रत केली असून तींत चौथें नांव घातलें आहे. त्याखालची जागा कोरी आहे. त्या आजोळच्या गांवीं चौकशी चालू आहे. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, वंशावळ मिळतांच त्या घरची महालयाची यादी व तीर्थोपाध्यायांची वही तिच्याशीं ताडून पाहावी. आणि घरांतील वृद्ध माणसें पोरांशीं कोणते खेळ खेळतात, तेंही टिपून ठेवावें.