सायटिका : विश्रांती थोडी, व्यायाम नेमका

कमरेतून निघून नितंब, मांडीची मागील बाजू, पोटरी आणि पाऊल यांपर्यंत विजेसारखी सळसळत जाणारी कळ म्हणजे सायटिका. आयुर्वेदात या विकारास 'गृध्रसी' म्हटले आहे. गृध्र म्हणजे गिधाड. वेदनेमुळे रुग्णाची चाल गिधाडासारखी होते, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते.

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस होय. कमरेचे चौथे व पाचवे आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतील पहिले तीन मज्जामूळ एकत्र येऊन ती बनते. मणक्यांमधील गादी सरकून या मुळांवर दाब आला की सायटिका होतो. हा संबंध १९३४ मध्ये अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी ठळकपणे मांडला. उतारवयात मज्जारज्जूची नलिका अरुंद होणे, मणका पुढे सरकणे किंवा नितंबातील पिरिफॉर्मिस स्नायू आखडणे, हीदेखील कारणे असू शकतात.

पूर्वी अशा रुग्णास दोन-तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. मात्र नेदरलँडमध्ये झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सक्त विश्रांतीने सायटिका लवकर बरा होत नाही, असे दिसून आले. म्हणून वेदना तीव्र असताना एक-दोन दिवस आराम करावा आणि नंतर सोसेल तितके चालणे-फिरणे सुरू करावे. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत उतार पडतो.

उपयुक्त व्यायाम

१. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलावी. सोसल्यास हळूहळू भुजंगासनापर्यंत जावे. गादी सरकलेल्या अनेकांना याने आराम पडतो. नलिका अरुंद झालेल्यांना मात्र मागे वाकल्याने त्रास वाढतो.

२. उताणे झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे ओढावा. नलिका अरुंद असलेल्यांना हा व्यायाम मानवतो. गादीच्या ताज्या दुखण्यात तो टाळावा.

३. उताणे झोपून दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा व ती दुसरी मांडी छातीकडे ओढावी. यामुळे पिरिफॉर्मिस सैल होतो.

४. दुखणे ओसरल्यावर गुडघे दुमडून कंबर उचलण्याचा सेतुबंधासनाचा सराव करावा. नितंब व पाठीचे स्नायू बळकट झाले की कमरेला आधार मिळतो.

दुसऱ्या व तिसऱ्या व्यायामात ताण २० ते ३० सेकंद टिकवावा व प्रत्येकी तीन वेळा करावा. हिसके देऊ नयेत, श्वास रोखू नये. पाय सरळ ठेवून पुढे वाकण्याची घाई करू नये. त्यात स्नायूबरोबर नसही ताणली जाते.

वेदनेची दिशा ओळखा

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी एक साधी खूण सांगितली. व्यायामाने पायातील कळ वर सरकून कमरेपाशी आली, तर ते सुचिन्ह. मग कंबर थोडी अधिक दुखली तरी चालेल. कळ पावलाकडे उतरू लागली, तर तो व्यायाम तत्काळ थांबवावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

पाण्याची कळशी वा सिलिंडर उचलताना कमरेत न वाकता गुडघे वाकवावेत आणि वजन अंगालगत धरावे. उचललेल्या वजनासह कंबर पिळू नये. दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीवरून उठावे. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून बसू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीचा प्रवास शक्य तितका कमी करावा. रोज अर्धा तास चालण्याची सवय ठेवावी.

केव्हा थांबू नये?

लघवी अडणे वा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी मालीश वा व्यायाम करत बसल्यास नसेची कायमची हानी होऊ शकते. ताप, कारणाविना वजन घटणे, अपघात किंवा पूर्वी कर्करोग झालेला असल्यासही आधी तपासणी करून घ्यावी. एरवीदेखील कारणाचे निदान करून, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणे श्रेयस्कर. शेजाऱ्याला गुण आलेला व्यायाम आपल्यालाही मानवेलच, असे नाही.