चापाचे वजन

मी आयुष्यात कधी बंदूक चालवलेली नाही. पण निम्मी हयात टूलरूममध्ये कानशी आणि मायक्रोमीटर घेऊन काढल्यामुळे दोन पोलादी कडा एकमेकींवर किती टेकतात, या प्रश्नाने मला नेहमीच ओढून नेले आहे. बंदुकीच्या चापाचा सगळा इतिहास हा तेवढ्याच प्रश्नाचा इतिहास आहे.

चाप ओढायला किती जोर लागतो, त्याला चापाचे वजन म्हणतात. ते ताणकाट्याने मोजतात. लष्करी बंदुकीत ते मुद्दाम जड ठेवत, अडीच-तीन किलोपर्यंत. धांदलीत, थंडीने बधिरलेल्या बोटाने बार उडू नये म्हणून. शिकाऱ्याची अडचण उलटी. साडेतीन किलोची बंदूक आणि तीन किलोचा चाप, म्हणजे बोट दाबता दाबता नळीच हलते आणि जनावर जखमी होऊन रानात जाते. म्हणून शिकारी बंदुकीला साधारण तीन ते चार पौंड, म्हणजे दीड-पावणेदोन किलो, हे माप रूढ झाले. नेमबाजीच्या टेबलावर काही औंसांचे चापही चालतात, पण ती बंदूक खांद्याला अडकवून कोणी डोंगर चढत नाही.

वजन कमी करायचे दोन मार्ग. एक, स्प्रिंग सैल करणे. दुसरा, सीअर नावाचा खटका ज्या कडेवर टेकतो, तो टेका कमी करणे. दुसरा मार्ग मोहक आणि घातक. टेका मिलिमीटरच्या अंशात असतो. स्क्रू जरा जास्त फिरला, की बंदूक आपटताच बार.

अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीत माइक वॉकर नावाचा अभियंता होता. स्वतः पट्टीचा नेमबाज. त्याला काचेची काडी मोडावी तसा तुटणारा चाप हवा होता. त्याने चाप आणि सीअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाचा एक छोटा, सुटा तुकडा घातला. तो चापाला पक्का जोडलेला नव्हता, फक्त स्प्रिंगच्या जोरावर चिकटून राही. बार उडताना सीअर खाली येई आणि कनेक्टरला पुढे ढकली. त्यामुळे बोटाला चापाची फरफट जाणवतच नसे. कल्पना सुंदर आहे. आकृती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मनातल्या मनात दाद दिली, आणि लगेच फिटरच्या सवयीने विचारले, या फटीत कचरा गेला तर?

नेमके तेच. दर बाराला कनेक्टर आणि चाप यांत क्षणभर फट पडते. तिथे धूळ, सुकलेले तेल किंवा कीस अडकला, तर कनेक्टर पूर्ण परतत नाही. मग सीअरला आधार उरतो तो फक्त सेफ्टीचा. माणूस सेफ्टी काढतो आणि चापाला बोट न लावता गोळी सुटते. विक्रीला येण्यापूर्वीच्या चाचण्यांत हा दोष कंपनीतल्या लोकांना दिसला होता. 1948 साली वॉकरने स्वतः दुरुस्ती सुचवली. खर्च, बंदुकीमागे साडेपाच सेंट. ती दुरुस्ती झाली नाही. त्याच साली मॉडेल 721 बाजारात आले, 1962 साली त्याच चापाचे मॉडेल 700, आणि ते लाखोंनी खपले.

त्यात आणखी एक गोष्ट. 1982 पर्यंतच्या या बंदुकांत गोळी काढायची, तर आधी सेफ्टी काढावीच लागे. एरवी बोल्ट उघडत नसे. म्हणजे बंदूक रिकामी करण्याचा, सर्वांत सावध क्षणच सर्वांत धोक्याचा. 2000 साली मोंटानात शिकारीहून परतल्यावर एका आईने बंदूक रिकामी करण्यासाठी सेफ्टी सरकवली. गोळी सुटली. नऊ वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी पुढची अनेक वर्षे कंपनीची जुनी कागदपत्रे गोळा करण्यात घालवली, म्हणून आज हे सगळे वाचायला मिळते.

कंपनी म्हणत राहिली की दोष हाताळणीचा आहे, लोक घरी स्क्रू फिरवतात, साफसफाई करत नाहीत. हे अगदी खोटे नाही. कारखान्यातून सीलबंद आलेले स्क्रू हौसेने फिरवणारे पुष्कळ होते. पण ज्या यंत्राला मळ चालत नाही, ते यंत्र चिखलातून फिरणाऱ्या माणसाला विकायचे आणि मग मळाला दोष द्यायचा, हा युक्तिवाद माझ्या टूलरूममध्ये कोणी ऐकून घेतला नसता.

2006 च्या सुमारास कंपनीने सुट्या कनेक्टरशिवायचा नवा चाप आणला. 2014 मध्ये, जोडणीत चिकटद्रव्य जास्त पडल्याने, तोही परत मागवावा लागला. पुढे न्यायालयीन तडजोडीत सुमारे 75 लाख बंदुका आल्या; त्यांतल्या बहुतेकांना नवा चाप फुकट बसवून मिळणार होता. अर्ज केले ते अगदी मोजक्या मालकांनी. पुष्कळांना पत्ताच नसेल. पण काहींनी, माझा अंदाज, तो जुना, हलका, काडीसारखा तुटणारा चाप बोटाला इतका सवयीचा झाला होता म्हणूनच बंदूक दुरुस्तीला पाठवली नसावी.