धावण्याआधीचा हात

धावपटूची मालिश म्हटली की शर्यत संपल्यावर पाय चेपून घेणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. जुन्या वैद्यांनी मात्र शर्यतीआधीच्या मालिशचाही बारकाईने विचार केला होता.

प्राचीन ऑलिंपियातली सर्वांत जुनी शर्यत सुमारे 192 मीटरची. धावता धावता अंग तापवायला तिथे सवडच नाही. ग्रीक व्यायामशिक्षकाला ‘पैदोत्रिबेस’ म्हणत, म्हणजे शब्दशः मुलांना चोळणारा. (दोन भाषा शिकवतो, त्यामुळे शब्दापाशी थांबायची खोड आहे.)

दुसऱ्या शतकातला गॅलेन, आपल्या हकिमांचा जालीनूस, पेर्गामोनला ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. त्याने क्रम लिहून ठेवला: आधी कापडाने अंग बेताने चोळा, मग तेल लावा, त्वचेवर लाली आली की व्यायाम. अंग मऊ न करता एकदम जोर लावला तर आत काहीतरी फाटेल, अशी त्याला भीती होती.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. हुनैन ख्रिस्ती होते. पुढे इब्न सीनांनी (980–1037) ‘अल-कानून’मध्ये दोन मालिशी सांगितल्या. व्यायामाआधीची ‘दलक-ए-इस्तेदाद’, म्हणजे तयारीची: हलक्या हाताने सुरू करायची आणि व्यायामाची वेळ जवळ येईल तसा जोर वाढवायचा. नंतरची ‘दलक-ए-इस्तिरदाद’: तेल लावून, सावकाश, थकवा साचू नये म्हणून.

आपल्यातले काही जण हे सारे इब्न सीनांच्याच नावावर मांडतात. मला ते पटत नाही. मूळ विचार गॅलेनचा; इब्न सीनांनी तो नीट लावून पुढे दिला. हे कमी आहे का?

आजचे क्रीडाशास्त्र म्हणते की नुसत्या मालिशने वेग वाढत नाही. लाली त्वचेची असते. तापायला हवा तो स्नायू. तापलेला स्नायू झपाट्याने आकुंचन पावतो, आणि ते काम हलके पळणे, गुडघे उचलणे, दोन-चार छोट्या धावा यांनी होते. पण जोर हळूहळू वाढवत न्यायचा, हे इब्न सीनांच्या त्या हातातही आहेच.

‘कानून’मध्ये व्यायामाला शब्द आहे ‘रियाज़त’. त्याच घराण्यातला ‘रियाज’ मराठीत गवयांकडे गेला, आणि तेही थेट तार सप्तकाला हात घालत नाहीत. आमच्या शाळांच्या क्रीडादिनी मात्र पाहुण्यांचे भाषण संपेपर्यंत मुले थंडीत बसून असतात आणि उठताच 100 मीटरच्या रेषेवर उभी केली जातात.