सोळा ग्रॅमचा तोल

आपल्याकडे विमानाच्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी थेट गिरगाव चौपाटीवर आणि १८९५ सालावर जाते. शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले की नाही, या वादाने मराठीत जेवढा कागद खाल्ला तेवढा प्रत्यक्ष विमानविद्येने खाल्लेला नाही. तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तील विमानांची आकृत्यांसह तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली आणि ही यंत्रे उडण्याजोगी नाहीत असा स्वच्छ निर्वाळा दिला. तो वाद इथे पुन्हा उकरायचा नाही. त्या वादात एक प्रश्न कोणी विचारतच नाही, तेवढा नोंदवतो. विमान वर गेले हे ठीक. पण हवेत ते सरळ कसे राहिले? उचलण्याचा प्रश्न इंजिनाने सुटतो. तोलाचा प्रश्न सुटायला फार वेळ लागला, आणि त्याचा सर्वांत अलीकडचा अध्याय आपल्या मुठीत मावेल एवढ्या विमानांत लिहिला गेला आहे.

छंदाच्या जगात ज्यांना ‘अल्ट्रा मायक्रो’ म्हणतात ती ही रेडिओवर चालणारी विमाने. त्यांतली हलकी, घरात उडवायची विमाने पंधरा-सोळा ग्रॅमची असतात. २०११ नंतरची एक रुपयाची चार नाणी तळहातावर ठेवा. साधारण तेवढेच वजन. त्यात मोटर, बॅटरी, रेडिओचा ग्राहक, सुकाणू हलवणारी यंत्रे, सगळे आले.

पण सोळा ग्रॅमचे विमान ही काही एकविसाव्या शतकाची मिरास नव्हे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने ‘प्लॅनोफोर’ नावाचे रबराच्या पिळावर चालणारे विमान जाणकारांसमोर उडवून दाखवले. पंखांची लांबी ४५ सेंटिमीटर, वजन १६ ग्रॅम. अकरा सेकंदांत ते सुमारे चाळीस मीटर गेले. महत्त्वाचे हे की त्याला धरायला, वळवायला, सावरायला कोणी नव्हते. पेनोने पंखांची टोके किंचित वर उचलली होती आणि शेपटीचा छोटा पंख मुख्य पंखापेक्षा कमी कोनात बसवला होता. विमान एका कुशीवर कलले की खाली गेलेला पंख जास्त उचल घेतो. नाक वर गेले की शेपूट ते खाली आणते. म्हणजे तोल आकारातच घातलेला. पतंगाला शेपूट लावणाऱ्या कोणत्याही पोराला ही गोष्ट हाताने ठाऊक असते, पेनोने ती मोजून-मापून केली. पुढे मोठ्या विमानासाठी त्याला पैसा मिळाला नाही आणि १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

पेनोच्या धर्तीचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. गंमत अशी की मोठेपणी या दोघांनी पेनोचा धडा मुद्दाम बाजूला ठेवला. सायकलीचा धंदा करणारी माणसे ती. सायकल उभी राहते ती तिच्या आकारामुळे कमी आणि स्वारामुळे जास्त, तसेच विमानाचे व्हावे, असे त्यांचे मत. १९०३ चे त्यांचे विमान मुळातच अस्थिर होते आणि चालक त्याला क्षणोक्षणी सावरत होता.

तोल आकारात घालायचा की सावरणाऱ्यावर सोपवायचा, हा झगडा तेव्हापासून आजतागायत संपलेला नाही.

सावरणारा माणूसच असला पाहिजे असे नाही, हे लगेच ध्यानात आले. भोवरा ज्याने फिरवला आहे त्याला जायरोस्कोप वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जोरात फिरणारी वस्तू आपल्या आसाची दिशा सहजी सोडत नाही. लेऑं फुको याने १८५२ मध्ये पृथ्वीचे फिरणे दाखवण्यासाठी असे यंत्र केले आणि त्याला नाव दिले. त्या नावाचा अर्थ ‘फिरणे पाहणारा’. आपल्या पारिभाषिक मराठीतला ‘घूर्णदर्शी’ हा त्याचाच नेमका अनुवाद, पण बोलण्यात सगळे ‘जायरो’च म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ, सीन नदीवर, लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकनाने विमान उडवता उडवता दोन्ही हात वर केले आणि त्याचा सहकारी एमिल काशॅं चालत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. विमान कलले नाही. पंखांच्या झडपा चार जायरो सांभाळत होते. त्या यंत्राचे वजन सुमारे १८ किलो. सोळा ग्रॅमच्या विमानात १८ किलोचा भोवरा कसा बसावा?

आणि छोट्या विमानालाच त्याची गरज अधिक. हे जरा उकलून सांगायला हवे. विमानाची सर्व मापे निम्मी केली तर वजन आठव्या हिश्शावर येते, पण फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्व-आघूर्ण, बत्तिसाव्या हिश्शावर. एरवी विमानाला हळूच कलवणारी झुळूक छोट्या विमानाला गर्रकन फिरवते. त्यात त्याचा वेग माणसाच्या धावण्याइतका. वेताळ टेकडीवर संध्याकाळी सुटणारा वारा त्याच्या वेगाच्या निम्म्याने तरी असतोच. माणसाला दिसून, कळून, बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तेवढ्यात खेळ आटोपलेला असतो.

पुण्यातल्या मागच्या पिढीने या प्रश्नाला पेनोच्या बाजूने उत्तर दिले होते. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ मध्ये स्थापन झाली आणि १९५० मध्ये तिचा हवाई विभाग सुरू झाला. त्या विभागाच्या शिक्षणात एरोमॉडेलिंग हा विषय आहे, त्याच्या स्पर्धाही होतात. अनेक मुलांचा बाल्सा लाकडाशी पहिला संबंध तिथेच आला. हाताने फेकायचे ग्लायडर, मग दोन तारांच्या टोकाला गोल गोल फिरणारे ‘कंट्रोल लाइन’ विमान, आणि फार थोड्यांच्या नशिबी रेडिओ. इंजिन बहुधा कलकत्त्याच्या ‘ऑरोरा’चे, इंधन रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांचे मिश्रण. ते कपड्यांना लागले की वास दोन धुण्यांत जात नसे. रेडिओचा संच परदेशाहून येणाऱ्या कुणाच्या तरी पेटीतून यायचा.

त्या विद्येचा गाभा ‘ट्रिमिंग’ हा होता. विमान बांधून झाले की पंखाखाली दोन बोटे धरून गुरुत्वमध्य पाहायचा. नाक हलके असेल तर चिकणमातीची गोळी लावायची. मऊ गवतावर हलकेच फेकायचे. डावीकडे वळते का, नाक टाकते का, हे पाहून शेपटीचा कोन कागदाच्या जाडीने बदलायचा, पुन्हा फेकायचे. अशा शंभर फेकी झाल्या की विमान सुधारे आणि फेकणारा मुलगाही शिके. हे ज्ञान पुस्तकात फारसे उतरले नाही, ते मनगटात राहिले. राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे जपले गेले हे पुण्याचे भाग्यच. बाल्साची विमाने मात्र माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झाली आणि त्यांचे आराखडे रद्दीत गेले. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या त्या माणसांना कोणी जाऊन विचारले, तर अजूनही बरेच लिहून घेता येईल.

मग तोल आकारातून निघून यंत्राकडे गेला तो कसा? इथे मला प्रचलित समजुतीपेक्षा वेगळे म्हणायचे आहे. मोठ्या विमानांचे तंत्र हळूहळू लहान होत खेळण्यात आले, असे सहसा मानले जाते. तसे झालेले नाही. अल्ट्रा मायक्रो विमान हे मोबाइल फोनचे अपत्य आहे. त्याची बोटभरही नसलेली मोटर ही फोन थरथरवणाऱ्या मोटरची बहीण. लिथियम-पॉलिमर बॅटरी फोनसारख्या उपकरणांमुळेच घरोघरी पोचली. रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचा, म्हणजे वाय-फायच्याच पट्ट्यातला. त्यामुळे जुन्या संचांची मीटरभर लोंबणारी एरियलची तार तीन सेंटिमीटरवर आली. आणि चौथा तो जायरो. २००९ मध्ये ‘इन्व्हेनसेन्स’ कंपनीने तिन्ही आसांभोवतीचे फिरणे मोजणारी एकच चिप बाजारात आणली; चार मिलिमीटर लांब, तेवढीच रुंद. व्हिडिओ गेम आणि फोन हेच तिचे गिऱ्हाईक. २०१० च्या आयफोन-४ मध्ये जायरो आला आणि पाठोपाठ तो सगळीकडे पसरला. लगोलग अमेरिकेच्या ‘होरायझन हॉबी’ने आपल्या छोट्या हेलिकॉप्टरांत आणि मग विमानांत ‘एएस-थ्री-एक्स’ नावाने तीन आसांचे स्थिरीकरण बसवले.

या चिपमध्ये भोवरा नाही. फिरणारे काहीच नाही. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो. चिप वळली की कोरिऑलिस बलामुळे तो किंचित बाजूला सरतो, आणि ते सरणे विजेने मोजले जाते. निसर्गाने ही युक्ती केव्हाच केली आहे. घरमाशीला पंखांची एकच जोडी असते; मागच्या जोडीच्या जागी टाचणीसारखे दोन दांडे उरले आहेत. उडताना ते पंखांबरोबर कंप पावतात आणि अंग वळले की माशीला त्याच बलामुळे ते कळते. ते दांडे काढले तर माशीला तोल सावरत नाही. वर्तमानपत्राची घडी आपल्या हातात असूनही माशी का निसटते, याचे अर्धे उत्तर त्या दांड्यांत आहे.

विमानातली चिप सेकंदाला शेकडो वेळा विचारते, ‘मी वळले का?’ चालकाने सांगितले नसताना वळली असेल तर झडपा उलट हलवते. साध्या जायरोला क्षितिज कुठे आहे हे ठाऊक नसते, त्याला फक्त वळण्याचा वेग कळतो. विमान उलटे झाले तर तो ते उलटेच स्थिर धरतो! सरळ करण्यासाठी प्रवेगमापक जोडावा लागतो. दोन्ही एकत्र असलेले टपालाच्या तिकिटाहून लहान पट्टे बुधवार पेठेत, तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, अभियांत्रिकीची पोरे आज वहीपेन घ्यावे तसे घेतात.

याच तंत्राने चार पंख्यांचे ड्रोन शक्य झाले. त्याच्या आकारात तोल नावालाही नाही. जायरो बंद पडला की तो दगड. पुण्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. दिघीच्या डीआरडीओच्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) या संस्थेने मुंबईच्या ‘आयडियाफोर्ज’बरोबर ‘नेत्र’ हे दीड किलोचे टेहळणी ड्रोन विकसित केले. आयडियाफोर्जचे ड्रोन लोकांनी २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये पाहिले होते.

मात्र याच शहरात पेनोचा वारसाही जिवंत राहिला, तोही अगदी अनपेक्षित जागी. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने अवकाशात नेला. त्याची दिशा राखायला फिरती चाके नव्हती, मोटर नव्हती. आत कायम चुंबक होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी तो होकायंत्रासारखा जुळून घेई आणि खास धातूच्या कांड्या त्याचे डोलणे शमवीत. वीज खर्च न करता राखलेला तोल. पेनोला हे फार आवडले असते.

जायरोच्या विमानांनी काय दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला वर्षभर ट्रिमिंग शिकायला सवड नाही असा माणूस आज सोसायटीच्या मागच्या मैदानात, वाऱ्यात, विमान उडवतो. पण हा जायरो दोष झाकतोही. पंख जरा पिळलेला असला तरी झडपा त्याची भरपाई करत राहतात, चालकाला पत्ता लागत नाही. गुरुत्वमध्य फारच मागे गेला असेल तर मात्र चिपही हात टेकते, आणि विमान का पडले हे उडवणाऱ्याला सांगता येत नाही.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ वर्गाला चालकाच्या परवान्यातून सूट दिली. आकाशाच्या नकाशाचे रंग मात्र सर्वांना सारखेच लागू आहेत, आणि लोहगावला विमानतळ व हवाई दलाचा तळ असल्याने पूर्व पुण्याच्या आकाशाला हिरवा रंग मिळणे अवघड. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तयार परदेशी ड्रोन आणण्यावर बंदी घातली. सुटे भाग आणायला मोकळीक ठेवली. या धोरणाचा हेतू उद्योगाचा होता, छंदाचा त्यात विचार असण्याचे कारण नाही. पण सुट्या भागांतून विमान जुळवायचे तर सांगाडा घरीच करावा लागतो. तेव्हा थर्माकोलसारख्या पातळ फोमचे तक्ते आणायचे, पट्टीवर ब्लेड धरून पंख कापायचे, त्याची टोके वर उचलून चिकटवायची, चिप बसवायची. आणि पहिल्या फेकीआधी ती बंद ठेवून, पंखाखाली दोन बोटे धरून, नाक कुठे झुकते ते पाहायचे.